अक्काची ओपीडी

आमच्या बाजूला कोणाच्या घरी आजारपण चाललेलं असलं आणि विचारल्यावर समोरच्यानं नुसतं "बांबोळीला नेलाय" एवढंच सांगितलं, तर पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. रोग काय, डॉक्टर कोण, काही नाही. "सोबत कोण आहे?" एवढं विचारायचं आणि त्यांच्या घरात म्हातारं माणूस एकटं राहिलं असेल तर संध्याकाळी पेज नेऊन द्यायची. बांबोळी हे एक गाव आहे, तिथे माणसं राहतात, त्यांनाही घरंदारं आहेत, हे आम्ही उरलेले गोंयकार विसरूनच गेलोय. बांबोळी म्हणजे गोमेकॉ, गोवा मेडिकल कॉलेज, जीएमसी. हायवेवर तो फुलांचा खुरीस, म्हणजे क्रूस, लागला की बसमधले हिंदू, ख्रिस्ती सगळेच हात जोडतात, ड्रायव्हरसुद्धा एक हात कपाळाला लावतो, मग कोणीतरी हळूच फाइलची पिशवी सावरतं.

कॉलेज तसं पणजीतलं. १८४२ साली पोर्तुगीजांनी मेडिकल स्कूल काढलं, १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि दोन वर्षांनी त्याचं गोवा मेडिकल कॉलेज झालं. "आशियातलं सगळ्यात जुनं" असं आम्ही पाहुण्यांना बिनधास्त ठोकून देतो, आणि कोणी कलकत्त्याचं नि मद्रासचं १८३५ चं आहे म्हणालं की विषय बदलतो. मांडवीच्या काठावरची ती जुनी इमारत आता फिल्म फेस्टिवलवाल्यांकडे आहे. जिथे माझ्या काकाच्या पायाला प्लास्टर घातलं होतं त्या आवारात आता इफ्फीच्या दिवसांत लोक गळ्यात पास घालून कॉफी पितात. असो.

मला सांगायचंय अक्काबद्दल.

अक्का माझी मोठी बहीण. आमचं घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आणि तिला दिली महाराष्ट्रातल्या दोडामार्गच्या बाजूला, १९८४ साली. अंतर म्हणाल तर स्कूटरवर निघालं की चहा थंड व्हायच्या आत पोचाल असं आमचे भावोजी म्हणायचे, म्हणजे थोडी अतिशयोक्ती आहे पण फार नाही. लग्नाच्या वेळी दोन राज्यं वगैरे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. गोवा तेव्हा राज्यसुद्धा नव्हता, ते झालं १९८७ च्या मे महिन्यात. मुलगा बघताना शेती किती, बागायत किती, सासू कशी, विहिरीला पाणी बारमाही आहे का, हे सगळं विचारलं होतं. कुठल्या राज्यातला, हे विचारायचं राहिलं.

२०११ मध्ये तिला साखर निघाली. बीपी त्याच्या आधीपासून होतंच. मग सुरू झाली तिची ओपीडी. महिन्यातून एकदा, शक्यतो सोमवारी. आमच्या घरात "ओपीडी" या शब्दाचा अर्थच अक्का असा झाला होता. आदल्या संध्याकाळी ती यायची, हातात दोन पिशव्या, एकीत कुळथाची पिठी, सोलं, कधी सुरण, कधी अळूची पानं, आणि दुसरी पिशवी म्हणजे कुठल्यातरी साड्यांच्या दुकानाची जुनी प्लॅस्टिकची, तिच्यात फाइल. ती फाइल ती देवाच्या पोथीसारखी उंचावर ठेवायची, शिंक्याजवळ, मुलांचे हात लागू नयेत म्हणून. रात्री आईच्या खोलीत दोघी झोपायच्या, म्हणजे झोपायच्या कुठल्या, एक वाजेपर्यंत कुजबुज चाललेली असायची आणि मधूनच फिस्सकन हसणं. मी भिंतीच्या पलीकडे पडून ऐकायचो. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या नारळाच्या माडाला भुंगा लागला, सासूनं मरताना पाटल्या कोणाला दिल्या. ओपीडीतल्या डॉक्टरनं काय सांगितलं हे मात्र दोघींच्या बोलण्यात कधी आलेलं मला आठवत नाही.

पहाटे साडेपाचला ती तयार. उपाशी पोटी रक्त द्यायचं म्हणून चहासुद्धा नाही, स्टीलच्या डब्यात दोन चपात्या आणि रात्रीची भाजी, रक्त दिल्यावर खायला. मी सोबत जायचो कारण तेव्हा मला वेळच वेळ होता. खाणी बंद पडल्या होत्या ना. २०१२ मध्ये आधी राज्य सरकारनं थांबवल्या, मग सुप्रीम कोर्टानं. माझा एक ट्रक होता खाणीवर, हप्ते बाकी असलेला. तो अंगणात उभा करून मी अक्काबरोबर पणजीची बस पकडायचो, पणजीहून बांबोळीची. तिथे केसपेपर, मग लाइन, मग रक्त, मग बाहेरच्या टपरीवर माझी पातळभाजी-पाव आणि तिच्या चपात्या, मग परत लाइन, डॉक्टर, मग औषधांच्या खिडकीवरची शेवटची लाइन. एक वाजेपर्यंत मोकळे. महिन्याभराच्या गोळ्या पिशवीत. परत येताना मांडवीवरून बस जायला लागली की ती खिडकीतून कॅसिनोच्या बोटी बघायची आणि दर महिन्याला न चुकता विचारायची, "ह्या बोटींत जेवण फुकट असता म्हणतत, खरा काय रे?" मी दर महिन्याला सांगायचो, आधी आत जायचे पैसे घेतात मग जेवण फुकट. "मगे ता फुकट कसला?" ती म्हणायची. पणजी मार्केटातून बांगडे घेतलेले असायचे, घरी येऊन हुमण, जेवून दुपारच्या बसनं परत.

तर हा असा तिचा महिन्याचा एक दिवस होता. आजारी बाईला माहेरी जायला कोणाची परवानगी लागत नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

आता एक गोष्ट कबूल करतो. त्या लाइनीत उभं राहून मी कुरकुरायचो. सगळेच कुरकुरायचे. कारवारची माणसं, बेळगावची, सावंतवाडी-कुडाळची, वेंगुर्ल्याची, लाइनीत मागेपुढे मालवणी नि कन्नड ऐकू यायचं, आणि आमच्यातलं कोणीतरी मोठ्यानं म्हणायचं, "सगळें भायल्यांनी भरलां, गोंयकारांक जागो ना." भायले म्हणजे बाहेरचे. मी मान डोलवायचो. एकदा तर मीच म्हणालो. अक्का बाजूला उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. ती हसली नाही की रागावली नाही. मला ते "भायले" म्हणताना तिची आठवणसुद्धा झाली नाही, कारण अक्का भायली कशी असेल, ती आमच्या घरातून निघाली होती सकाळी.

मग तो नियम आला. १ जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या पेशंटांना गोमेकॉत फी. पेपरात, टीव्हीवर आलं, आरोग्यमंत्र्यांनी कारणंही दिली, आणि खरं सांगायचं तर कारणं अगदीच खोटी नव्हती. एवढंसं राज्य, एकच मोठं हॉस्पिटल, खाटा कमी पडतायत, पेशंट जमिनीवर गाद्या घालून, आणि शेजारच्या दोन मोठ्या राज्यांनी आपापल्या सीमेवरच्या तालुक्यांत धड हॉस्पिटल उभं केलं नाही तर त्याचा भार गोव्याच्या तिजोरीनं किती उचलायचा? त्याच वर्षी फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं ८८ खाण लीज रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून खाणी परत बंद. सरकारचा पैसा आटला म्हणजे काय होतं ते मला सांगायला नको, माझा स्वतःचा आटला होता. घटनेप्रमाणे हॉस्पिटलं हा राज्यांचा विषय, तेव्हा आपल्या राज्याच्या माणसाला आधी बघायचं म्हटलं तर त्यात चूक काय, असं मीही चहाच्या टपरीवर बोललो आहे. दोडामार्गला लोक रस्त्यावर आले, मोठं आंदोलन झालं, त्याच्या बातम्या मी वाचत होतो आणि तरीही हे काहीतरी "तिकडचं" चाललंय असंच मला वाटत होतं.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी अक्का आली नाही. फोन केला तर म्हणाली, "थंय आता पैशे घेतत." किती घेतात? "माका काय म्हायत? घेतत म्हणान सगळी सांगतत." बसमध्ये कोणीतरी सांगितलं होतं, बाजारात कोणीतरी सांगितलं होतं, शेजारणीच्या दिराला म्हणे हजारोंचं बिल आलं. नेमकी फी किती, गोळ्यांना लागते का, नुसत्या तपासणीला लागते का, ऑपरेशनलाच लागते का, यातलं तिनं काहीही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. सरकारी नियम खेड्यात पोचतो तो कागदाच्या रूपात पोचत नाही, तो बसमधून येतो, आणि येता येता दुप्पट-तिप्पट मोठा होतो. मी म्हटलं, अगं मी भरतो काय असेल ते. तर म्हणाली, "पैशांचा नाय रे. खिडकीर इचारतले ना, कार्ड आसा? मगे मी काय सांगू?"

त्या खिडकीची तिला लाज वाटत होती. कार्ड दाखवणाऱ्या गोंयकारांच्या लाइनीत उभं राहून आपण बाहेरच्या आहोत हे मोठ्यानं सांगायचं, तेही ज्या राज्यात आपला जन्म झाला, जिथली शाळा शिकली, तिथे.

कार्ड म्हणजे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं. २०१६ ला सुरू झाली ती. पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्याला मिळतं, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंतचे उपचार. आमचं चार लाखांचं. अक्कानं आयुष्याची पहिली वीसेक वर्षं गोव्यात काढली, पण ती वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची? माझ्या बायकोचं माहेर कुडाळचं, तिला कार्ड आहे. म्हणजे जी गोव्यातून बाहेर गेली ती भायली आणि जी बाहेरून आत आली ती गोंयकार्न. बायको एकदा हसत हसत म्हणाली, आम्हा दोघींची अदलाबदल झाली बघा, आणि मग एकदम गप्प झाली.

ही बॉर्डर तरी कुठली? डिचोली, सत्तरी, पेडणे हे सगळं अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचं, मग पोर्तुगीजांनी घेतलं, नव्या काबिजादी म्हणतात त्या ह्याच. १९६७ ला जनमत कौल झाला, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं, आणि गोवा वेगळा राहिला. त्या विषयावर आमच्या घरात अजूनही जेवणं खोळंबतात म्हणून मी इथे पुढे जात नाही. पण आजही आमच्या नळाला जे पाणी येतं त्यातलं बरंचसं तिलारीचं, म्हणजे दोडामार्गच्या डोंगरातलं, धरण दोन्ही राज्यांनी मिळून बांधलेलं, कालवा तिकडून इकडे येतो. तिकडची पोरं सकाळी सात वाजता मोटरसायकलवरून थिवीच्या, करासवाड्याच्या फॅक्टऱ्यांत येतात. भाजी तिकडून येते, नवऱ्या दोन्हीकडून जातात-येतात.

आणि माकडताप. हा तर मला कधी विसरता येणार नाही. २०१५-१६ च्या सुमारास सत्तरीत सुरू झाला, काजूच्या दिवसांत, लोक बोंडू गोळा करायला पहाटे डोंगरात जायचे आणि गोचिडी चिकटायच्या. मूळचा कर्नाटकातला रोग, क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये पहिल्यांदा सापडला, आधी माकडं मरायची आणि मग माणसांना ताप भरायचा. सत्तरीत माणसं गेली. त्याच्या पाठोपाठ तो दोडामार्ग, बांद्याच्या बाजूला दिसला आणि तिकडचे कितीतरी पेशंट बांबोळीलाच आले, दुसरीकडे जाणार कुठे? तेव्हा आरोग्य खात्याची माणसं घरोघर फिरून अंगाला लावायचं डीएमपी तेल वाटायची, मेलेलं माकड दिसलं तर कळवा म्हणून सांगायची. असल्या कामाला फार मोठी इमारत लागत नाही, फिरणारा माणूस लागतो, त्याला पगार लागतो आणि बाटल्या भरून तेल लागतं. पैसा कमी पडला की पहिल्यांदा कात्री इथेच लागते, कारण जो ताप आलाच नाही त्याचा फोटो पेपरात छापता येत नाही. माकडाला तर काय, कुठल्याही बाजूच्या झाडावर बसायला कार्ड लागत नाही.

पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेतून सिंधुदुर्गच्या पेशंटांची गोव्यात सोय करायच्या घोषणा झाल्या, बोलणी झाली. चांगलंच आहे. पण या योजना कशा असतात, त्यांची एक यादी असते, आपल्या दीनदयाळच्या यादीत ४४७ प्रोसिजर आहेत म्हणे, हृदयाचं ऑपरेशन, मूत्रपिंड, हाडं, अशी मोठी मोठी कामं. ॲडमिट झालात तर पैसे मिळतील. साखरेची रोजची गोळी मात्र यादीत बसत नाही, कारण गोळी घेण्याला प्रोसिजर म्हणत नाहीत. म्हणजे गोळी चुकवून चुकवून पाय कापायची वेळ आली की योजना लागू. हे मी कडवटपणानं लिहितोय असं वाटेल, पण एकदा बसून यादी वाचून बघा.

मध्ये एकदा अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याबद्दल वाचनात आलं. तिथे गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना पैसे नाहीत म्हणून नव्या लोकांना बंद करून ठेवली होती. २००८ मध्ये थोडे पैसे जमले, साधारण १०,००० माणसं घेता येतील एवढेच, आणि नावं आली ९०,००० च्या आसपास. मग काय केलं? लॉटरी! खरोखरची लॉटरी काढली. आमच्या गोव्यात मटका लावणाऱ्यांची काही कमी नाही, पण रक्त तपासून घ्यायचा आकडा लावलेला मी तरी ऐकला नव्हता. पुढे अभ्यासकांनी जिंकलेल्यांची नि हरलेल्यांची तुलना केली. दोन वर्षांत बीपी, साखरेच्या आकड्यांत नजरेत भरेल असा फरक दिसला नाही, पण ज्यांचा नंबर लागला त्यांच्यात नैराश्य कमी होतं, आणि दवाखान्याच्या बिलांपायी कर्जात बुडायची पाळी त्यांच्यावर फारशी येईना. बीपी तेच राहिलं असेल तर मग काय उपयोग, असं म्हणणारे निघालेच असतील. मी ट्रकचे हप्ते भरलेला माणूस आहे. रात्री दोन वाजता जाग येऊन छपराकडे बघत बेरजा करत पडणं काय असतं ते मला ठाऊक आहे, त्यामुळे त्या अभ्यासातला दुसरा आकडा मला पहिल्याइतकाच आजाराचा वाटतो.

अक्का २०१८ भर आली नाही असं नाही, गणपतीला आली, एका लग्नाला आली. ओपीडीला नाही. गावच्या बाजूच्या आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळतात सांगायची, कधी मिळायच्या, कधी "पुढल्या आठवड्यात या". मोठ्या डॉक्टरला दाखवायचं तर ओरोस, जिल्ह्याचं ठिकाण, त्यापेक्षा तिला म्हापसा कितीतरी जवळ. मग ती एक दिवसाआड गोळी घ्यायला लागली. हे आम्हाला नंतर कळलं. आईला तर काहीच कळत नव्हतं, तिला हळूहळू विसरायला होत होतं सगळं, पण सोमवार बरोब्बर लक्षात राहायचा. संध्याकाळी ओसरीवर बसून विचारायची, "आयज सोमार न्हय? आक्का येवंक ना?" बायको सांगायची, पुढच्या सोमवारी येईल. २०१९ च्या पावसात आई गेली. त्याच्या पुढच्या वर्षी मार्चमध्ये तर बॉर्डरच बंद झाली, पोलीस, बॅरिकेड, पास, सगळंच. दोन किलोमीटरवरचं शेत बघायला लोकांना अर्ज करावे लागले.

२०२१ च्या दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला. आईला डाव्या डोळ्यानं दिसत नाहीसं झालंय. दिसत नाही म्हणजे? तर म्हणे काळे धागे दिसतात, जाळं आल्यासारखं, दोन महिने झाले, तिनं सांगितलंच नाही. कणगीतलं भात मोजताना माप चुकायला लागलं तेव्हा सुनेच्या लक्षात आलं. प्रायव्हेटला नेलं, बेळगावच्या बाजूला. डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलेलं, साखरेमुळे. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, ओरडला वगैरे नाही, नुसतं विचारलं, "शेवटचं चेकअप कधी केलं होतं?" अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, डिसेंबर २०१७. त्यानं ते इंग्रजीत लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. उजवा डोळा लेझर करून वाचवला. डावा गेला तो गेला. खर्चासाठी भाच्यानं सोनं ठेवलं, भावोजींनी काजूची बाग दोन वर्षांच्या करारानं दिली. थोडे मी घातले. त्या फीचे महिन्याला किती झाले असते, हा हिशेब मी कधी केला नाही. करायचाच नाही ठरवलंय.

बाहेरच्यांचं झालं, आता आमचं सांगतो. कार्डवाल्यांचं. मलाही आता साखर आहे, वंशातच आहे ती. ज्या सरकारी केंद्रावर मी जातो, नाव घेत नाही, तिथली नर्स माझ्या मुलीच्या मैत्रिणीची आई, काँट्रॅक्टवर आहे बारा वर्षं आणि दरवर्षी ऑर्डर येईपर्यंत तिचा जीव टांगणीला. खिडकीवर एक छोटा कागद मिळतो, त्यावर दोन औषधांपुढे टिक आणि तिसऱ्यापुढे पेनानं गोल, म्हणजे बाहेरून घ्या. पूर्वी गोल क्वचित असायचा. आता मी गोलच आधी बघतो. सरकारनं कुठे जाहीर केलं नाही की आजपासून अमुक गोळी बंद. कोणी बोर्ड लावला नाही. डॉक्टरची एक जागा रिकामी झाली ती भरली नाही, शुक्रवारचा स्पेशालिस्ट महिन्यातून एकदा यायला लागला, रक्त तपासायचं मशीन रिपेरीला गेलं ते गेलंच. यातलं एक एक बघितलं तर कोणी मोर्चा काढेल का? २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलंय की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचा. ते टक्के मी जिथे भेटतो ते ठिकाण म्हणजे त्या कागदावरचा गोल.

आणि अन्यायही करायचा नाही मला. याच व्यवस्थेनं माझ्या शेजाऱ्याला वाचवलंय. रात्री छातीत दुखायला लागलं, १०८ आली, जवळच्या केंद्रात ईसीजी काढला, तो तिथून बांबोळीच्या डॉक्टरांनी बघितला आणि रक्ताची गुठळी विरघळवायचं महागडं इंजेक्शन तिथल्या तिथे फुकट दिलं. स्टेमी गोवा म्हणतात त्याला, २०१८ पासूनचं. तेच साल. एका हातानं एवढं चांगलं काम सुरू झालं आणि दुसऱ्या हातानं खिडकी बंद झाली. शेजारी आता परत बागेत नारळ पाडतो, मी बघतो रोज.

तर आता शेवटचं. दोन वर्षांपासून मी एक गोष्ट करतो जी करू नये. माझ्या नावावर मिळालेल्या गोळ्यांतल्या काही पट्ट्या मी बाजूला ठेवतो. माझं जेवण जरा सांभाळून असतं, चालतो सकाळी तासभर, एखादी गोळी कमी झाली तर माझं भागतं असं मी स्वतःला पटवलंय. ओळखीच्या डॉक्टरला एकदा सहज म्हणून सांगितलं तर त्यानं मला उभा-आडवा झाडला, तुझा डोस वेगळा तिचा डोस वेगळा, दोघांचीही वाट लावशील, आणि सरकारी औषध दुसऱ्याला देणं हे काय आहे माहितीय का? माहितीय. ज्या लाइनीत "भायल्यांनी भरलां" म्हणून ओरडलो त्याच लाइनीतून मी आता भायलीसाठी गोळ्या नेतो. अक्का आधी नको म्हणाली, मग काही बोलली नाही. तिच्या आरोग्य केंद्रात मिळाल्या तर मिळाल्या, नाही मिळाल्या त्या महिन्यात माझ्या.

यंदाच्या चवथीला ती आली होती. गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळापानांची माटोळी बांधून झाली होती, मुलांनी हौसेनं डोंगर पालथे घालून एकेक जिन्नस आणले होते. ती माटोळीखाली उभी राहिली, मान एका बाजूला वळवून, उजवा डोळा वर करून बघायची तिला आता सवय झालीय, आणि एकेक नाव घेत गेली, नारळ, सुपारीचो घोस, तवशी, आंबाडो. मग थांबली. "कांगलां खंय? कांगलां हाडूंक नाय तुमी?" कांगलां डाव्या बाजूला होती. भाच्याची मुलगी म्हणाली, आहेत गो आजी, हीं बघ, आणि तिचा हात धरून वर नेला.

दीड दिवसांचा गणपती आमचा. दुसऱ्या दिवशी विसर्जन झाल्यावर भाचा गाडी घेऊन आला न्यायला. बायकोनं पातोळ्या, नेवऱ्या, नारळ भरून पिशवी दिली, मी वर्तमानपत्रात गुंडाळून पट्ट्या खाली सरकवल्या. रात्री भाच्यानं फोन केला पोचलो म्हणून. बॉर्डरवर गाडी अडवली होती म्हणे, गोव्यातून दारू नेतात ना लोक सणाला, म्हणून तपासणी. अक्काची पिशवी उघडायला लावली. त्या माणसानं आत हात घालून नारळ बाजूला केले, पातोळ्यांचा डबा हलवून बघितला, वर्तमानपत्राचं पुडकं बाहेर काढलं, उघडलं, गोळ्या बघितल्या आणि परत ठेवलं. "बाटली नाय ना, आजी?" एवढं विचारलं आणि जा म्हणाला.